टी, यू आणि बाणच बाण

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी डोंबिवलीची. दादरच्या एका सहकारी बँकेत बत्तीस वर्षं नोकरी करून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ह्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. आमची एकुलती एक लेक मुंबईतच फिजिक्समध्ये पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. विषय कंडेन्स्ड मॅटर थिअरी. शनिवारी घरी येते, सोमवारी सकाळी जाते. घरी असली की तासन्‌तास छताकडे बघत पडते, नाहीतर वहीत लिहीत बसते. एकदा मी ती वही उघडून बघितली. आकडे जवळपास नाहीतच. नुसतं टी आणि यू, आणि वर-खाली बाणच बाण. चार पानं झाली की त्यावर मोठी काट. ह्यांना वाटतं ती वेळ फुकट घालवते. स्थळं येतात, त्यांना मुलगी काय करते ते मला सांगता येत नाही. आणि गेल्या सोमवारी सकाळी साडेसहाला मोबाईल बघता बघता ती एकदम रडायला लागली. विचारलं तर म्हणाली, "आई, तुला नाही कळणार. माझं काम गेलं." म्हणजे काढून टाकलं का? हे काम असतं तरी काय? त्यात पुढे काही आहे का? आणि मी तिच्याशी बोलू काय?
– एक आई

ताई,

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. तिला कुणी काढून टाकलेलं नाही. 'माझं काम गेलं' ह्याचा आमच्या, म्हणजे फिजिक्सवाल्यांच्या, धंद्यातला अर्थ निराळा आहे, आणि तुम्ही वार आणि वेळ दोन्ही लिहिलंत म्हणून तो मला लगेच कळला.

जगभरातले फिजिक्सवाले आपला शोधनिबंध मासिकात छापून यायच्या आधीच 'अर्काइव्ह' नावाच्या एका खुल्या साठ्यात टाकतात. १९९१ पासूनची ही रीत. त्याची नवी यादी अमेरिकेत रविवार ते गुरुवार रात्री आठला लागते, म्हणजे आपल्याकडे थंडीच्या दिवसांत सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहाला. दुधाची पिशवी आणि ही यादी साधारण एकाच वेळी येतात. आमच्यातले बरेच जण ती अंथरुणातच उघडतात, आणि उघडताना पोटात बारीकसा गोळा असतो: मी करत बसलेय ते आज दुसऱ्या कुणी टाकलेलं नसू दे. तुमच्या लेकीच्या बाबतीत गेल्या सोमवारी तेच झालेलं दिसतंय. कुठेतरी दूरवर कुणीतरी तोच प्रश्न सोडवत होतं आणि त्याचं लिहून आधी झालं. चोरी नव्हे. प्रश्न पिकला की आंब्यासारखे त्याच्याकडे चार बाजूंनी हात जातात. त्यावर काय करायचं ते पुढे सांगते. आधी वही. तिचा विषय कंडेन्स्ड मॅटर, म्हणजे असंख्य अणू-इलेक्ट्रॉन एकत्र येऊन बनलेले पदार्थ कसे वागतात ते; आणि थिअरी म्हणजे ते प्रयोगाने नव्हे, गणिताने शोधायचं.

तुम्ही ती न विचारता उघडलीत ते एका अर्थी बरंच झालं. टी, यू आणि वर-खाली बाण म्हटल्यावर ती 'हबर्ड मॉडेल' नावाच्या गणितावर, किंवा त्याच्या एखाद्या भावंडावर काम करते हे मी पैजेवर सांगेन. हे मॉडेल १९६३ चं. मांडणी इतकी साधी की तुम्हाला स्वयंपाक करता करता समजेल. स्फटिक म्हणजे ओळीने मांडलेल्या जागा. बाण म्हणजे इलेक्ट्रॉन; प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा लोहचुंबक असतो, म्हणून कुणाचा बाण वर, कुणाचा खाली. एका जागेवरून शेजारच्या जागेवर उडी मारणं किती सोपं आहे, ते टी. एकाच जागी दोघं येऊन बसले तर त्या धक्काबुक्कीची जी किंमत मोजावी लागते, ती यू. झालं. एवढंच.

तुमचे मिस्टर म्हणतील, एवढ्यासाठी पीएचडी? तर ऐका. जागा एकाच ओळीत असतील तर ह्या गणिताचं अचूक उत्तर १९६८ मध्ये मिळालं. जागा बुद्धिबळाच्या पटासारख्या पसरल्या असतील तर आजतागायत कुणाला मिळालेलं नाही. कॉम्प्युटरला द्यावं म्हटलं, तर प्रत्येक जागेच्या चार शक्यता: रिकामी, वरच्या बाणाचा एक, खालच्या बाणाचा एक, किंवा दोघंही. दहा जागांच्या मांडण्या होतात १०,४८,५७६. वीस जागांच्या एक लाख कोटींहून जास्त. आणि दुकानातल्या तांब्याच्या तारेच्या एका ग्रॅममध्ये अणू असतात एकावर जवळपास बावीस शून्यं. जगातला कुठलाही कॉम्प्युटर इथे हात टेकतो. म्हणून ठरवावं लागतं की काय सोडून दिलं तर चालेल आणि काय सोडलं तर घात होईल. आमचं निम्मं कौशल्य ह्या सोडण्यात आहे. छताकडे बघत ती बहुतेक तेच ठरवत असते.

हा नुसता कोड्यांचा नादही नव्हे. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर ह्यांना तांब्याच्या ऑक्साइडच्या एका पदार्थात, तोवर कुणी कल्पनाही केली नव्हती इतक्या वरच्या तापमानाला, विजेचा रोध शून्य झालेला आढळला. ह्यालाच अतिवाहकता म्हणतात. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. पण असं का होतं ह्यावर चाळीस वर्षं होत आली तरी एकमत नाही, आणि पुष्कळांना वाटतं की उत्तर ह्या टी आणि यूमध्येच कुठेतरी दडलंय. (मला? पूर्वी अगदी खात्री होती. आता तेवढी नाही.)

आता दुकान. मिस्टरांना एका हातात तांब्याची तार आणि दुसऱ्या हातात चिनी मातीचा किटकॅट फ्यूज धरायला सांगा. दोघांच्या रोधात एकावर अठरा-वीस शून्यं इतका फरक. इलेक्ट्रॉन मात्र दोघांतही खच्चून भरलेले. मग एकातून वीज धावते आणि दुसऱ्यातून ढिम्म हलत नाही, हे का? शाळेत सांगतात की हा वाहक आणि तो रोधक. ते नाव झालं, कारण नव्हे. कारण कळायला क्वांटम मेकॅनिक्स (अणू-इलेक्ट्रॉनांच्या जगाचं शास्त्र) यावं लागलं: १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख ह्यांनी पाया घातला आणि १९३१ मध्ये ॲलन विल्सन ह्यांनी हा वाहक-रोधकाचा उलगडा केला. तुम्ही डोंबिवली-दादर केलंय, तुम्हाला तो एका वाक्यात सांगते. सकाळच्या फास्ट लोकलच्या डब्यात कुणी हलत नाही ते माणसं नसतात म्हणून नव्हे, माणसं इतकी भरलेली असतात म्हणून. रोधक म्हणजे तो डबा.

आणि लेडीज डब्यातली पुढची गोष्ट तर तुम्ही हजारो वेळा केली असेल. खिडकीशी बसलेली ठाण्याला उठली. मधली खिडकीकडे सरकली, तिसरी मध्ये आली, चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली नीट बसली, आणि उभी असलेलीला टेकायला जागा झाली. चार बायका खिडकीच्या दिशेने सरकल्या. पण नीट बघितलंत तर दुसऱ्या शब्दांत असंही म्हणता येईल की एक रिकामी जागा खिडकीपासून निघाली आणि उलट्या दिशेने पॅसेजमध्ये आली. चार बायकांचा हिशोब ठेवण्यापेक्षा एका रिकाम्या जागेचा ठेवणं सोपं. आम्ही नेमकं हेच करतो. इलेक्ट्रॉन गेल्यावर जी जागा उरते तिला 'होल' म्हणतो, तिला धन विद्युतभार देतो, वजनसुद्धा देतो, आणि खऱ्याखुऱ्या कणासारखी वागवतो. दुकानातल्या प्रत्येक एलईडी बल्बमध्ये इलेक्ट्रॉन अशा होलमध्ये पडतो तेव्हा उजेड बाहेर येतो. नसलेल्या वस्तूत पडून उजेड! मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा मला दोन दिवस झोप लागली नव्हती, आणि खरं सांगते, ह्या विषयात मी राहिले ती त्या दोन दिवसांमुळे.

एकटी बाई कितीही निरखली तरी चौथ्या सीटचे नियम तिच्यात सापडणार नाहीत. ते गर्दीचे नियम. फिलिप अँडरसन ह्यांनी १९७२ मध्ये हे ठासून मांडलं की संख्या वाढली की गोष्ट नुसती मोठी होत नाही, वेगळीच होते, आणि तिचे नियम नव्याने शोधावे लागतात. कंडेन्स्ड मॅटरचा सगळा धंदा ह्या वाक्यावर चालतो. (मराठीत ह्याला 'संघनित द्रव्य भौतिकी' म्हणतात. परीक्षेच्या पेपराबाहेर मी ते कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.) लग्नाकार्यात लोकांना कृष्णविवरं आणि देवकण माहीत असतात, आमचं नाव काढलं की पंगत पुढे सरकते. त्या देवकणामागच्या कल्पनेचा एक धागा अतिवाहकतेतून आलाय आणि तो दाखवणारे पुन्हा अँडरसनच, १९६३ मध्ये, हे पंगतीत सांगायची सोय नसते.

आता ती मोठी काट, जिच्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंत आणि जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

ताई, तुम्ही बँकेत दिवसअखेरीला रोकड मेळ घातलाय. लेजर कॉम्प्युटरवर जायच्या आधीचे दिवस तुम्ही नक्की बघितलेत. चोपन्न रुपयांचा फरक येतो. बाहेर अंधार झालेला, शिपाई किल्ल्या वाजवतोय, सगळ्यांची सात-बाराची लोकल चुकलेली. तरी चोपन्न रुपये खिशातून घालून चालत नाही, आणि ऊठसूट उचंत खात्यात टाकताही येत नाहीत. मग कुणीतरी जुना माणूस म्हणतो, फरकाला नवाने भाग जातो का बघा. जातो. म्हणजे कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ९३ चे ३९ केलेत. तसंच फरक सम आला तर त्याच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर शोधायचं. नावेची रक्कम जमेला पडली असेल. चूक कुठे आहे ते माहीत नसताना ती कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखायचं.

तुमची लेक दिवसभर हेच करते. फक्त तिचं लेजर चाळीस पानांचं आहे आणि त्यात अक्षरं आहेत. तिच्याकडेही नवाने भाग देऊन बघण्यासारख्या युक्त्या असतात. यू शून्य केला तर उत्तर सोपं होतं आणि ते पाठच असतं; तिची चाळीस पानं तिथे येऊन मिळतात का? सगळे बाण उलटे केले तर उत्तर तेच राहायला हवं, राहतं का? नाही राहिलं, की काट. ती काट म्हणजे वाया गेलेली चार पानं नव्हेत, तिने पकडलेली चूक आहे. जी पोरं काट मारत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते.

माझीच गोष्ट सांगते. पीएचडीचं दुसरं वर्ष. इलेक्ट्रॉनच्या जागा मी गोलाकार मांडल्या होत्या, शेवटच्या जागेवरून उडी मारली की पुन्हा पहिल्या जागेवर. प्रोग्रॅम लिहिला, चालवला. इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असली की उत्तर झकास, सम असली की भलतंच. सात आठवडे मी त्या प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ तपासली. जेवणात लक्ष नाही, वडाळ्याला उतरायचं तर चेंबूरला उतरले, आईने फोनवर काही विचारलं की वस्कन अंगावर जायचे. शेवटी गाईडकडे गेले. त्यांनी कागद बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "दोन इलेक्ट्रॉन घेऊन हाताने केलंस का?"

केलं नव्हतं. लाज वाटली, दोनचं काय करायचं! खोलीवर येऊन केलं, अर्ध्या पानात चूक सापडली. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल झाली की गणितात एक वजाचं चिन्ह येतं. शेवटच्या जागेवरचा इलेक्ट्रॉन पहिल्या जागी जातो तेव्हा तो वाटेतल्या बाकी सगळ्यांना ओलांडून जातो, प्रत्येकाला ओलांडताना एकेक वजा. एकूण संख्या विषम असेल तर बाकीचे सम, सगळे वजा एकमेकांना खातात. सम असेल तर एक वजा उरतो. तो मी धरलाच नव्हता. सात आठवडे एका वजासाठी, आणि उत्तर माझ्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून ओरडत होतं: सम-विषम, सम-विषम. तुमच्या शाखेतल्या त्या जुन्या माणसाने पाच मिनिटांत ओळखलं असतं.

हे सोडून बाकीचा दिवस कसा जातो? तुम्हाला वाटतं तितका एकांतात नाही. प्रयोगशाळा नाही, पांढरा कोट नाही, हे खरं. पण फळ्यापुढे दोघं-तिघं खडू घेऊन भांडत असतात, आणि दुपारच्या चहाला झालेल्या गप्पांतून जितके पेपर निघाले तितके एकट्याने बसून निघाले नसतील. आठवड्याला एखाद-दुसरं व्याख्यान, त्यातलं पहिली दहा मिनिटं कळणारं. मोठ्या कॉम्प्युटरवर काम लावायचं आणि रांगेत नंबर लागायची वाट बघायची. सकाळी उठावं तर रात्री दोनला एका स्वल्पविरामापायी बंद पडलेलं. मग लिहिणं, परीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तरं देणं. माझा एक पेपर एका परीक्षकाने अकरा महिने उशाशी घेऊन ठेवला आणि शेवटी दोन ओळींत नाकारला. त्याचा राग अजून गेलेला नाही, लिहिताना लक्षात येतंय.

आणि एक गोष्ट तुम्हाला बँकेमुळे चटकन पटेल. पुस्तकात मेळ बसला तरी तिजोरीत तेवढी रोकड असायला लागते. आमची रोकड म्हणजे प्रयोग. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) २०१६ साली प्रयोगवाल्यांनी बिस्मथ हा साधा, शाळेच्या तक्त्यातला धातू शून्याखाली २७३ अंशांच्याही पलीकडे नेला, निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्म्यावर, आणि तिथे त्याचा रोध नाहीसा झाला. अतिवाहकतेचा १९५७ चा प्रसिद्ध सिद्धांत बिस्मथला सरळ लागू पडत नाही, कारण त्यात हिंडते-फिरते इलेक्ट्रॉन फार थोडे, लाखभर अणूंमागे एखादा. सिद्धांताच्या वहीत नसलेली रोकड तिजोरीत निघाली! अशा दिवशी थिअरीवाल्याला वाईट वाटायला हवं, पण वाटतो आनंद. उलटंही होतं. जुलै २०२३ मध्ये कोरियातून एलके-९९ नावाच्या पदार्थाची बातमी आली की तो घरातल्या तापमानाला अतिवाहक आहे. चार-आठ दिवसांत त्याचं स्पष्टीकरण देणारे थिअरीचे पेपर यादीत झळकले. ऑगस्टमध्ये उलगडा झाला की त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि रोध एकदम घसरलेला दिसला तो त्या भेसळीमुळे. रोकड यायच्या आधी पावती फाडली की असं होतं.

तर आता तुमच्या लेकीचं गेलेलं काम. ते गेलेलं नाही. दुसऱ्या गटाचं उत्तर आणि तिचं उत्तर जुळत असेल, तर दोन कारकुनांनी स्वतंत्रपणे बेरीज केली आणि एकच आकडा आला असं समजा. उत्तर बरोबर असल्याचा ह्याहून चांगला पुरावा नाही. तिने पहिले दोन दिवस रडावं, तिसऱ्या दिवशी तो पेपर ओळीनओळ वाचावा. शंभर टक्के तेच क्वचित असतं. त्यांनी एक पद्धत वापरली असेल, हिने दुसरी. त्यांनी जिथे थांबवलं त्याच्या पुढे हिची चार पानं असतील. मग गाईडशी बोलून, त्यांच्या पेपरचा सरळ उल्लेख करून, आपलं दोन-तीन आठवड्यांत लिहून टाकावं. थिसिसमध्ये तर ते जातंच. २००६ मध्ये त्रिमितीतल्या टोपॉलॉजिकल इन्सुलेटरची (आतून रोधक, पण पृष्ठभागावर वाहक अशा पदार्थाची) कल्पना तीन ठिकाणी स्वतंत्रपणे निघाली. त्यातला राहुल रॉय ह्यांचा एकट्याच्या नावाचा पेपर मासिकात छापून यायला २००९ उजाडलं, बाकीचे दोन २००७ मध्येच आले होते. आज त्या विषयावर लिहिणारे तिघांचाही उल्लेख करतात.

पुढे काही आहे का, ह्याचं गोड उत्तर मी देणार नाही. पीएचडीला साधारण पाच-सहा वर्षं. शिष्यवृत्ती सध्याच्या सरकारी दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं. कागदावर चांगली, खात्यात मात्र कधीकधी तीन-तीन महिने तुंबते. मग दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या, बहुधा परदेशात. पक्की नोकरी लागली तर पस्तिशीच्या आसपास, आणि जागा कमी, उमेदवार जास्त. इथे राहून मोठं काम होत नाही असं मात्र कुणी म्हणालं तर मानू नका. दीपक धर ह्यांनी वाळूच्या ढिगाचं मॉडेल १९९० मध्ये टीआयएफआरमध्ये बसून सोडवलं, गिरगाव चौपाटीवर पोरं करतात तसलाच ढीग, एकेक कण टाकत जायचा आणि तो कधी ढासळतो ते बघायचं. २०२२ मध्ये त्यांना फिजिक्समधलं मानाचं बोल्ट्झमन पदक मिळालं, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. पण प्रत्येकाला प्राध्यापकी मिळत नाही हे तिलाही ठाऊक आहे आणि ती ते तुमच्यापाशी बोलत नसणार. माझे काही विद्यार्थी बीकेसीत बँकांसाठी जोखमीची गणितं करतात, काही बंगळूरला चिप बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत. सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींची मंजुरी दिली, त्याचं सेन्सरचं केंद्र पवईला आयआयटीत आहे. ह्या विषयातून आलेल्यांना तिकडे वाव आहे. उपाशी कुणी राहिलेलं मी बघितलं नाही. मनातून उतरलेली काही बघितली, कारण त्यांनी दुसरी वाट धरली तेव्हा घरातल्यांनी आणि गाईडनेही ते हरल्यासारखं वागवलं.

स्थळांना सांगा, "मुलगी पदार्थ असे का वागतात त्याचा हिशोब तपासते." ज्याला पुढे विचारावंसं वाटेल त्याला चहाला बोलवा, बाकीच्यांना सोडून द्या. ह्या धंद्यात नवरा-बायको दोघांना एका शहरात नोकरी मिळणं महाकठीण, त्याला आम्ही थट्टेने 'टू-बॉडी प्रॉब्लेम' म्हणतो. गणितात दोन पिंडांचा प्रश्न सुटतो, तिसरा आला की अडतो. संसारात दोनलाच अडतं. तेव्हा मुलगा कुठे राहायला तयार आहे हे पत्रिकेच्या आधी विचारा.

एक काळजीचं. कामावरून रडणं, चिडणं, चार दिवस अबोला, हे होतं. पण झोप उडाली, जेवण सुटलं, शनिवारी घरी येणंसुद्धा टाळायला लागली, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर तो टी-यूचा प्रश्न नाही. संस्थेत समुपदेशक असतात, टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. गाईडशी बिनसलं असेल तर तेही आधी घरीच बोललं जायला हवं, आणि ते बोलायला तिला घरात एखादा माणूस असा हवा जो लगेच "मग सोड ना" म्हणत नाही.

आता बोलायचं काय. "कधी संपणार?" आणि "उपयोग काय?" हे दोन प्रश्न तिने तिकडे स्वतःला हजार वेळा विचारलेले असतात, घरी नकोत. ह्या शनिवारी जेवणं झाल्यावर वही तुम्हीच काढा. उघडून बघितल्याचं आधी कबूल करा. काट मारलेलं पान दाखवा आणि विचारा, "इथे मेळ कुठे बसला नाही?" ती आधी तुमच्याकडे बघत राहील. मग चोपन्न रुपयांची गोष्ट सांगा, नवाने भाग देण्यासकट. ती तिला बहुतेक कुणी सांगितलेली नाही. आणि फारच अडली असेल तर माझ्या गाईडचा प्रश्न बिनधास्त उचला: दोन घेऊन हाताने केलंस का?

सोमवारी साडेसहाला दोघींचा चहा टाकून ठेवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून मात्र साडेपाचला, तिकडची घड्याळं तासाने पुढे जातात.